वरवरचे म्हणजे काय? : कोड, कुष्ठ आणि पृष्ठभागाचा अर्थ

मराठीत एखाद्या लेखाला कमी लेखायचे असेल तर आपण त्याला ‘वरवरचा’ म्हणतो. माणसाला नावे ठेवायची असतील तर ‘उथळ’ म्हणतो. याउलट स्तुतीचे बहुतेक शब्द खाली उतरणारे आहेत : खोल, सखोल, गहन, मुळाला हात घालणारे, गाभ्याला भिडणारे. समीक्षेत ‘अंतरंग’ आणि ‘बहिरंग’ अशी जोडीच आहे आणि त्या जोडीत मान कोणाला, हे सांगावे लागत नाही. खरे ते आत असते, वर असते ते नुसते झाकण, अशी आपल्या भाषेची समजूत आहे.

गेली काही वर्षे मी त्वचेविषयी आणि विशेषतः कुष्ठरोगाच्या इतिहासाविषयी वाचतो आहे. मी डॉक्टर नाही आणि प्राध्यापकही नाही. कागलहून कोल्हापूरला जाऊन करवीर नगर वाचन मंदिरात बसून वाचलेले, इकडून तिकडून मिळवलेले आणि जाणत्या डॉक्टरांना विचारून पडताळलेले, एवढीच माझी शिदोरी. या वाचनातून दोन गोष्टी मला पटत गेल्या. एक, वैद्यक आणि जीवशास्त्र या दोन्ही शास्त्रांत पृष्ठभाग म्हणजे झाकण नव्हे. शरीराचे महत्त्वाचे व्यवहार जिथे होतात ती जागा म्हणजे पृष्ठभाग. दुसरी गोष्ट जरा अडचणीची आहे. ‘वरचे सोडा, आतले पाहा’ हा आपला लाडका उपदेश कितीही चांगल्या हेतूने केलेला असला, तरी कातडीवरून ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना तो पुरा पडत नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध आहे, ते इथे मांडायचे आहे.

एका शब्दाची दोन दुखणी

सुरुवात शब्दापासून करू. संस्कृत ‘कुष्ठ’ प्राकृतातून येता येता ‘कोढ’ झाला. हिंदीत ‘कोढ’ म्हणजे आजही कुष्ठरोग. मराठीत मात्र त्याच शब्दाचे ‘कोड’ झाले आणि त्याचा अर्थ पांढरे डाग असा ठरला. एकाच मुळातून निघालेला शब्द दोन भाषांत दोन वेगळ्या दुखण्यांचे नाव झाला. पण नाव वेगळे झाले तरी भीती वेगळी झाली नाही. आमच्या भागात आजही स्थळ पाहताना ‘मुलीच्या अंगावर काही नाही ना?’ असे हळूच विचारले जाते, तेव्हा विचारणाऱ्याच्या मनात ही दोन्ही दुखणी एकाच पोत्यात भरलेली असतात.

शास्त्र काय सांगते? कोडामध्ये त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट होतात. शरीराची स्वतःचीच संरक्षणयंत्रणा त्या पेशींवर उलटते, असे आज मानले जाते. हा रोग स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा एका अंथरुणावर झोपल्याने पसरत नाही. आणि महत्त्वाचे म्हणजे डाग पडलेली त्वचा आपले काम करत राहते. तिला ऊन जास्त लागते एवढे खरे; पण तिला घाम येतो, तिच्यावर काटा उभा राहतो, तिला गार-गरम कळते. मुंगी चालली तर तेही कळते.

कुष्ठरोगाचा पहिला चट्टा याच्या अगदी उलट असतो. तो कोडासारखा पांढराशुभ्र नसतो. थोडा फिकट, थोडा लालसर किंवा तांबूस असतो आणि सावळ्या अंगावर पटकन लक्षातही येत नाही. न खाजणारा, न दुखणारा, न खुपणारा चट्टा, असे त्याचे वर्णन आपण गावोगावच्या भिंतींवर वाचलेले आहे. त्या वर्णनातला खरा शब्द ‘बधिर’ हा आहे. डोळे मिटायला सांगून कापसाची बारीक वात अंगावर टेकवायची आणि जिथे टेकली तिथे बोट ठेवायला सांगायचे, ही साधी तपासणी आहे. बाकी सगळीकडे बोट बरोबर जाते. त्या चट्ट्यावर मात्र जात नाही.

म्हणजे डोळ्यांना जो डाग भयंकर दिसतो तो निरुपद्रवी आणि जो जवळपास दिसतच नाही तो धोक्याचा. नुसते पाहणाऱ्याची इथे दोन्हीकडे फसगत होते. पृष्ठभाग कसा दिसतो, हा त्याच्याविषयी विचारायचा पहिला प्रश्नच नाही. त्याला काय कळते, हा खरा प्रश्न आहे. ‘बधिर’ हा शब्द आपण ऐकू न येणाऱ्या माणसासाठीही वापरतो. त्वचा ही ऐकणारी गोष्ट आहे, हे भाषेला कुठेतरी ठाऊक होते.

सुश्रुतालाही ते ठाऊक असावे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात त्वचेचे सात थर सांगितले आहेत : अवभासिनी, लोहिता, श्वेता, ताम्रा, वेदिनी, रोहिणी आणि मांसधरा. त्यांची जाडी भाताच्या दाण्याच्या मापाने दिली आहे. सगळ्यात वरचा थर दाण्याच्या अठराव्या भागाएवढा, तर सगळ्यात खालचा दोन दाण्यांएवढा. हे कसे पाहायचे, याची कृतीही दिली आहे : मृतदेह वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावा, मग वाळा, केस, बांबू यांच्या कुंच्याने हळूहळू घासत एकेक थर डोळ्यांनी पाहावा. पृष्ठभागाकडे इतक्या सावकाशीने पाहणारे आपल्या परंपरेत होते. पाचव्या थराचे नाव ‘वेदिनी’ म्हणजे जाणणारी, हे मला विशेष वाटते. चौथ्या आणि पाचव्या थरांत सुश्रुताने कुष्ठ सांगितले आहे आणि त्वचेत असलेल्या कुष्ठाच्या लक्षणांत ‘स्पर्शहानी’ दिली आहे. किलास म्हणजे कोडासारखा विकार. तो केवळ त्वचेपुरता असतो आणि स्रवत नाही, असे म्हणून त्याला कुष्ठापासून वेगळेही काढले आहे. अर्थात आयुर्वेदातले ‘कुष्ठ’ म्हणजे अठरा प्रकारच्या त्वचारोगांचा मोठा गट. त्याला सरसकट आजचा कुष्ठरोग समजू नये. पण दिसण्याच्या खुणा आणि जाणिवेच्या खुणा वेगळ्या काढण्याचा प्रयत्न त्यात आहे. व्यवहारात तो आपण विसरलो.

चावणारी चप्पल

नॉर्वेच्या आर्मावर हान्सेन यांनी १८७३ मध्ये कुष्ठरोगाचा जंतू ओळखला. हा जंतू विलक्षण मंद आहे. एकाचे दोन व्हायला त्याला बारा-चौदा दिवस लागतात. प्रयोगशाळेतल्या बशीत तो आजवर वाढवता आलेला नाही. त्याची आणखी एक आवड आहे : त्याला थंडावा लागतो. शरीराच्या आतले सदतीस अंशांचे तापमान त्याला मानवत नाही, त्याहून काही अंश थंड जागा तो शोधतो. म्हणून तो कानाच्या पाळीत, नाकात, त्वचेत आणि त्वचेजवळून जाणाऱ्या मज्जातंतूंत राहतो. कोपराचा आतला भाग कशावर आपटला की झिणझिण्या येतात, तिथला मज्जातंतू हे त्याचे आवडते ठिकाण. म्हणजे हा रोग शब्दशः पृष्ठभागाचा आहे. आतल्या कुठल्या तरी पापाने वर येऊन उठवलेली ती खूण नाही. शरीराचा जो भाग जगाच्या हवेला लागून थंड राहतो तिथेच हा जंतू घर करतो.

मग बोटे का झडतात? हा प्रश्न शतकानुशतके विचारला गेला आणि ‘मांस सडते’ हे त्याचे उत्तर ठरलेले होते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला ते उत्तर खोडून काढले. त्यांनी रुग्णांच्या दिवसभराच्या वागण्याकडे पाहिले. गरम भांडे हाताने उचलले जाते, कुलूप उघडताना किल्ली इतकी दाबली जाते की कातडी फाटते, रात्री उंदीर बोट कुरतडतो आणि झोपमोड होत नाही. रोग बोट खात नव्हता. दुखणे नाहीसे झाल्यामुळे रोजचे जगणेच बोट खात होते. ब्रँड वेदनेला देणगी म्हणत, ते यामुळेच.

कोल्हापूर भागातल्या वाचकाला हे समजावायला वेल्लोरला जायची गरज नाही. नवी कोल्हापुरी चप्पल पहिले काही दिवस ‘चावते’. ती चावते म्हणून आपण चाल बदलतो, तेल लावतो, दोन दिवस जुनी वहाण घालतो. पायाची आणि चामड्याची अशी बोलणी होऊन दोघे एकमेकांना सरावतात. बधिर पायाला चप्पल चावत नाही. तो माणूस तशीच ती घालून पाच-सहा किलोमीटर चालत जातो, फोड येतो, फुटतो, त्यावरून पुन्हा चालतो. महिन्याभरात हाडापर्यंत जखम. म्हणूनच कुष्ठरोगाच्या उपचारात गोळ्यांच्या बरोबरीने मऊ सूक्ष्मछिद्री रबराची चप्पल दिली जाते आणि रोज संध्याकाळी तळपाय आरशात पाहायला शिकवले जाते. त्वचेने सांगायचे बंद केलेले काम डोळ्यांना शिकवावे लागते आणि ते डोळ्यांना कधीच पुरते जमत नाही.

आत म्हणजे नेमके कुठे?

त्वचा हा झाला आपल्या ओळखीचा पृष्ठभाग. तो जेमतेम दीड ते दोन चौरस मीटर भरतो. शरीराचे मोठे पृष्ठभाग आपण ज्याला ‘आत’ म्हणतो तिथे आहेत. फुप्फुसांतल्या वायुकोशांची भिंत उलगडून पसरली तर सुमारे सत्तर चौरस मीटर भरेल, असा एक नेहमीचा अंदाज आहे. आतड्याच्या आतल्या अस्तराविषयी पाठ्यपुस्तके वर्षानुवर्षे टेनिसच्या मैदानाचे माप देत आली. २०१४ मध्ये स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी ते पुन्हा मोजले आणि सुमारे बत्तीस चौरस मीटरवर आणले, म्हणजे साधारण अर्धे बॅडमिंटनचे मैदान. हेही त्वचेच्या पंधरा-वीसपट आहे.

या ठिकाणी ‘आत’ आणि ‘बाहेर’ हे शब्दच डळमळू लागतात. खाल्लेला घास पोटात गेला म्हणजे तो शरीराच्या आत गेला, असे आपण समजतो. जीवशास्त्राच्या हिशेबाने तो अजून बाहेरच असतो. तोंडापासून गुदद्वारापर्यंत शरीराच्या आरपार गेलेली एक नळी आहे आणि घास त्या नळीत आहे. आतड्याच्या अस्तराने परवानगी देऊन तो रक्तात घेतला की मगच तो आपला. ‘पोटात ठेवणे’ म्हणजे गुपित राखणे, असे आपण म्हणतो. पण पोट हे मुळात बाहेरच्या जगाशी बोलणी करायचे ठिकाण आहे.

अजून लहान व्हा, पेशीपर्यंत जा. १९२५ मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल या डच संशोधकांनी रक्तातल्या तांबड्या पेशींमधला स्निग्धांश काढून पाण्यावर पसरवला. त्या पेशींच्या पृष्ठभागाच्या जवळजवळ दुप्पट जागा त्याने व्यापली. म्हणजे पेशीभोवतीचे आवरण दोन रेणूंच्या जाडीचे आहे. एका मिलिमीटरचा लाखावा भाग इतकीही त्याची जाडी नसते. पण जगणे आणि मरणे यांतला फरक त्या पापुद्र्यावर ठरतो. आत मीठ किती, बाहेर किती, कोणत्या निरोपाला दार उघडायचे, कोणत्या विषाणूला चुकून उघडले गेले, हे सगळे तिथे घडते. दार कुठे उघडायचे हे ठरवणारा पापुद्रा नसेल तर ‘आतले’ असे काही उरतच नाही. उरतो तो पाण्यात मिसळलेला रस.

आणि पृष्ठभागाचे काम थांबले की काय होते, हे पाहायचे असेल तर मुदतीआधी जन्मलेल्या बाळाकडे पाहावे. फुप्फुसातले वायुकोश ओले असतात. ओल्या पृष्ठभागाला आक्रसण्याची ओढ असते. पाण्याचा थेंब गोल होतो तो त्या ओढीनेच. ही ओढ कमी करणारा साबणासारखा एक पातळ थर पूर्ण दिवसांच्या बाळाच्या फुप्फुसात तयार असतो. फार आधी जन्मलेल्या बाळात तो पुरेसा नसतो. प्रत्येक श्वास सोडला की वायुकोश मिटतात आणि पुन्हा उघडायला सगळी ताकद लागते. १९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी हे कारण दाखवून दिले. पण उपाय हाती यायला वेळ लागला. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचे मुदतीआधी जन्मलेले बाळ याच विकाराने दोन दिवसांत दगावले. जगातली सगळी सत्ता हाताशी असून. १९८० मध्ये जपानच्या फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसातून काढलेला असा थर बाळांच्या श्वासनलिकेत सोडून त्यांना वाचवता येते, हे दाखवले. आज जिल्ह्याच्या ठिकाणच्या नवजात कक्षांतही हे औषध माहीत आहे. त्या बाळांचे हृदय चांगले होते, मेंदू चांगला होता, ‘गाभा’ शाबूत होता. कमी पडत होता तो एक अतिशय वरवरचा थर.

कायद्याने काय पाहिले

आता पुन्हा कुष्ठरोगाकडे, कारण पृष्ठभागाचा अर्थ चुकीचा लावल्याची किंमत तिथे माणसांनी मोजली आहे.

मराठी साहित्याच्या अभ्यासकांना हॅरी आर्बथनॉट अ‍ॅक्वर्थ हे नाव पोवाड्यांमुळे माहीत असते. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह त्यांनी जमवलेले ऐतिहासिक पोवाडे १८९१ मध्ये पुस्तकरूपाने आले. त्यातल्या काहींचे त्यांनी इंग्रजीत पद्यभाषांतरही केले. हेच अ‍ॅक्वर्थ मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते आणि रस्त्यांवर भीक मागणाऱ्या कुष्ठरोग्यांसाठी त्यांनी १८९० मध्ये माटुंग्याला आश्रयस्थान उभे केले. वडाळ्याचे अ‍ॅक्वर्थ रुग्णालय ते हेच. गोंधळी-शाहिरांच्या तोंडचे शब्द वाऱ्यावर जाऊ नयेत म्हणून धडपडणारा हा माणूस रस्त्यावरच्या रोग्यांना एका कुंपणात गोळा करत होता. त्याला क्रूर म्हणण्यात अर्थ नाही. रस्त्यावर मरण्यापेक्षा तिथे छप्पर होते, अन्न होते, औषधपाणी होते. पण ती व्यवस्था कोणाला आत घेत होती, ते पाहावे. जे दिसत होते त्यांना.

१८९८ च्या कुष्ठरोगीविषयक कायद्यात हे उघड झाले. त्याच्या मूळ व्याख्येप्रमाणे कुष्ठरोगी म्हणजे ज्याच्या अंगावर व्रण फुटायला लागले आहेत असा रुग्ण. आणि पकडून ठेवायचा तो अशांपैकी निर्धन आणि भीक मागणारा. संसर्ग व्रणावरून ठरत नाही. व्रण हे बहुधा बधिरपणाचे आणि अनवाणी चालण्याचे फळ असते. कायद्याने रोग पाहिला नाही, जखम पाहिली, आणि जखमेबरोबर गरिबी पाहिली. दारे लावून घेतलेल्या वाड्यातला चट्टा कायद्याच्या नजरेत भरणार नव्हता.

आधीच्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या तपासणीने हाच धडा दुसऱ्या बाजूने दिला होता. काखेत, जांघेत गाठ आहे का, हे पाहण्यासाठी गोरे सोजीर घराघरांत शिरले. अंग पाहिले गेले. अंगाच्या मालकाला विचारले गेले नाही. २२ जून १८९७ ला रँडवर गोळी झाडली गेली, त्यामागे हा अपमान होता. गाठ शोधणे वैद्यकाच्या दृष्टीने चुकीचे नव्हते. पण माणसाचा पृष्ठभाग ही त्याच्या अब्रूचीही जागा आहे, हे त्या तपासणीला कळले नाही.

१९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो. आणि उपचार सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत त्याचा संसर्ग थांबतो. आपल्या कायद्यांना हे कळायला किती वेळ लागला? १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून पाच कायद्यांत नमूद होते, ते २०१९ मध्ये वगळले गेले. औषध आल्यापासून अडतीस वर्षे. त्या अडतीस वर्षांत बरी झालेली, गोळ्या संपवलेली बाई कायद्याच्या कागदावर मात्र टाकून देण्याजोगी राहिली होती.

चोखोबांचा ऊस

इथे माझा मुख्य आक्षेप येतो आणि तो आपल्या फार प्रिय अशा दृष्टांताशी जाऊन भिडतो. ऊस वाकडा असला तरी रस वाकडा नसतो, मग वरच्या रंगाला का भुलता, असे चोखोबांनी विचारले. कागलचा परिसर उसाचा. आमच्याकडे हा दृष्टांत समजावून सांगावा लागत नाही. तो ज्याने दिला त्याच्या तोंडी तो जळजळीत आहे, कारण तो महाद्वाराबाहेर उभ्या केलेल्या माणसाचा आहे. पण नंतरच्या सातशे वर्षांत तो कोणी कसा वापरला, याची समीक्षा व्हायला हवी. ‘आतला रस पाहा’ हे वाक्य सवर्ण श्रोत्याच्या फार सोयीचे झाले. आतला रस मनातल्या मनात पाहता येतो. त्यासाठी हात पुढे करावा लागत नाही. चोखोबांचा आत्मा थोर मानायचा आणि त्यांच्या वंशजाचा पेला वेगळा ठेवायचा, हे दोन्ही एकाच घरात शतकानुशतके सुखाने नांदले.

मुळात अस्पृश्यता कातडीवर दिसत नाही. ती ना कोड आहे ना कुष्ठ. दुसऱ्याने पृष्ठभागाला चिकटवलेला तो अर्थ आहे आणि नाव पाहा : ‘अ-स्पृश्य’. अन्याय स्पर्शाच्या पातळीवर झाला. म्हणून त्याचे परिमार्जनही तिथेच व्हावे लागते. हे ज्यांना कळले, त्यांनी अंतरंगावर प्रवचने दिली नाहीत. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेले शाहू महाराज कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलासमोर गाडी थांबवून त्यांच्या हातचा चहा घेत. मार्च १९२० मध्ये कागल जहागिरीतल्या माणगावला डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, तिला महाराज स्वतः गेले. महात्मा गांधींनी सेवाग्रामला परचुरेशास्त्रींना ठेवून घेतले आणि त्या कुष्ठरुग्ण पंडिताच्या अंगाला स्वतःच्या हाताने मालिश केले. अमरावतीला तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी आणि वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आयुष्यभर जे केले तेही हेच. चहाचा कप, मालिशचा हात, मलमपट्टी. सगळ्या वरवरच्या गोष्टी. पण प्रश्न सुटण्याची सुरुवात झाली ती त्यांनी.

पृष्ठभागाची भीती मनात घर करून बसली की काय होते, ते लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त दाखवले आहे. सत्तावनच्या धामधुमीत सासऱ्यांना फाशी गेलेले पाहून त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. बाजारातून घरात येणारी प्रत्येक वस्तू धुवायची, मीठ-साखरेलाही सुटका नाही. लक्ष्मीबाई हे हसत सांगतात आणि वाचणाऱ्याचे हसू मध्येच थांबते. २०२० मध्ये आपण दुधाच्या पिशव्या आणि कोथिंबिरीच्या जुड्या धूत बसलो, तेव्हा त्या पानांची मला फार आठवण झाली. करोनाचा मुख्य प्रवास हवेतून होता, हे पुढे स्पष्ट झाले. भीतीला हात लावता येईल असे काहीतरी हवे असते, म्हणून ती पृष्ठभागाला धरते.

समीक्षेला यातून काय घेता येईल? मराठीकडे ‘वरवरचे’ या शब्दाच्या उलटचाही एक साठा आहे. मिरची झोंबते, शब्दही झोंबतो. अंगावर काटा येतो, चटका लागतो, बोलणे अंगाला लागते. हे सगळे कातडीचे ज्ञान आहे आणि ते खोल ज्ञानापेक्षा कमी नाही. कागलच्या आनंद यादवांनी आपल्या आत्मचरित्रात्मक कादंबरीला ‘झोंबी’ (१९८७) हे नाव दिले. त्या एका शब्दात अंगाला अंग भिडणेही आहे आणि झोंबणेही. त्यातले दारिद्र्य आधी हातापायांना, पाठीवरच्या माराला, उपाशी पोटाला कळते आणि विचार मागून येतो. अशा लेखनाविषयी ‘वरच्या तपशिलात अडकलेले’ असे कोणी म्हटले, की मला वाटते, समीक्षकाने आधी कापसाची वात घेऊन आपली स्वतःची त्वचा तपासावी.

पाठ कोण पाहणार?

हा प्रश्न जुना झालेला नाही. भारताने डिसेंबर २००५ मध्ये कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांत एकापेक्षा खाली आणल्याचे जाहीर केले. पण नवे रुग्ण आजही सापडतात, महाराष्ट्रातही. ३० जानेवारीपासून दरवर्षी जी जागृती मोहीम चालते तिला २०१७ पासून ‘स्पर्श’ हे नाव आहे. नाव अचूक आहे. दुसरीकडे डागाचा फोटो मोबाइलवर पाठवून सल्ला घ्यायची पद्धत रुळते आहे, फोटोवरून रोग ओळखणारी यंत्रेही आली आहेत. दूरच्या वाडीवरच्या माणसाला त्याचा उपयोग होईल, यात शंका नाही. पण फोटोला विचारता येत नाही की बाळा, इथे लागले का? कोड आणि कुष्ठ यांतला फरक ज्या ठिकाणी ठरतो ती जागा कॅमेऱ्याला दिसत नाही.

म्हणून शोधमोहिमेत दारोदार जाणारी आशाताई मला आजच्या वैद्यकातली महत्त्वाची व्यक्ती वाटते. ती बाईला आतल्या खोलीत नेते, पाठ दाखव म्हणते, एखादा फिकट ठिपका दिसला तर पुढे तपासणीला पाठवते. कित्येक चट्टे पाठीवरच असतात आणि ते न दुखणारे, न खाजणारे असल्याने ज्याचे त्याला वर्षानुवर्षे कळत नाहीत.

संस्कृतात ‘पृष्ठ’ म्हणजे पाठ. पुढे त्याचा अर्थ वरची बाजू असा झाला आणि आपण पुस्तकाच्या पानालाही पृष्ठ म्हणू लागलो. पान वाचायला वाचक लागतो, तशी पाठ पाहायला दुसरे माणूस लागते. माणसाच्या शरीराचा हा सगळ्यात मोठा सपाट भाग त्याला स्वतःला आरशाशिवाय कधी दिसत नाही. त्याचा अर्थ दुसऱ्याच्या हातात असतो. तो हात कापसाची वात घेऊन येतो की बोट दाखवायला येतो, यावर त्या माणसाचे पुढचे आयुष्य अवलंबून असते.